ड्रमर बदलला की नक्की काय बदलतं? हार्ड रॉक बँडचे लाइनअप ऐकायची पायरी-पायरीची पद्धत

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतं की डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडचा कुठला लाइनअप, म्हणजे कुठल्या काळातली माणसं, भारी, आणि मी तोंड उघडायच्या आत समोरचा स्वतःच सांगून मोकळा होतो की इयान गिलन गात होता तोच खरा, बाकी सगळा टाइमपास. ठीक आहे, आवड ज्याची त्याची. पण मग मी विचारतो की बाबा रे, त्या लाइनअपमध्ये आणि बाकीच्यांत ड्रमरने काय वेगळं केलं ते सांग, की गाडी तिथेच बंद पडते. कारण ऐकलेला असतो गायक, फार तर गिटार, आणि मत दिलेलं असतं अख्ख्या बँडवर.

चूक कानात नसते, क्रमात असते. लोक सुरुवातच बेस्ट ऑफ लावून करतात, त्यात एक गाणं १९७० चं, पुढचं १९८४ चं, मधलं कुठल्या तरी लाइव्ह कॅसेटवरचं. गायक बदललाय, गिटारिस्ट बदललाय, रेकॉर्डिंगची खोली बदललीये, आणि अशात तुम्ही ड्रमरची तुलना करणार? शाळेतल्या प्रयोगाच्या तासाला एवढं तर शिकवलं होतंच ना, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे तेच करायचंय. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली उडी मारू नका. एका बैठकीत एक पायरी, घाई केलीत तर परत पहिल्यापासून करावं लागेल, मी केलंय.

## तयारी: आधी हे जमवा

एक वही. मोबाइलवरच्या नोट्स नकोत, कारण गाणं चालू असताना मोबाइल हातात घेतला की तुम्ही मेसेज वाचणार, मला माहितीये.

हेडफोन, कानावर नीट बसणारे. महाग नकोत पण मोबाइलच्या स्पीकरवर हे काम होणारच नाही, कारण किक म्हणजे पायाने वाजतो तो मोठा ड्रम, त्याचा खालचा घुमारा त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. फक्त टिचकी येते. मग तुम्ही म्हणता ड्रमर पातळ वाजवतो. तो पातळ नाही हो वाजवत, तुमचा फोन पातळ आहे.

इक्वलायझर बंद करा. बेस बूस्ट, थ्रीडी साउंड, जे काय असेल ते सगळं बंद. प्लेलिस्टचं शफल पण बंद.

तपासा: हेडफोन चालतील का ते बघायला लेड झेपलिनचं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' लावा, १९७० च्या तिसऱ्या अल्बममधलं. संथ गाणं आहे. सुरुवातीच्या शांत भागात बारीक कुई-कुई ऐकू येते का बघा. ते त्यांचा ड्रमर जॉन बॉनमच्या किकचं पेडल आहे, तेल न घातलेल्या दारासारखं कुरकुरतंय आणि तसंच रेकॉर्ड झालंय. मी पहिल्यांदा चांगल्या हेडफोनवर हे ऐकलं तेव्हा खरंच हेडफोन काढून वरच्या पंख्याकडे बघितलं होतं. ती कुई-कुई ऐकू आली तर सामान ठीक आहे, पुढे चला. नाही आली तर दुसरे हेडफोन कोणाकडून तरी मागून आणा.

## पायरी १: कोण वाजवतंय ते आधी पक्कं करा

ही पायरी ९० टक्के लोक गाळतात आणि पुढचं सगळं वाया जातं. वहीत तक्ता करा: अल्बम, साल, ड्रमर, बास, गिटार, गायक, आणि प्रोड्युसर किंवा रेकॉर्डिंग इंजिनिअर. शेवटचा रकाना फालतू वाटेल पण पायरी ४ ला तोच कामाला येणारे.

आता मुख्य गोष्ट. कव्हरवर ज्याचा फोटो तोच वाजवतोय असं धरून चालू नका. हार्ड रॉकमध्ये हा घोळ इतका आहे की विचारू नका.

किस या बँडचा १९७९ चा 'डायनॅस्टी' घ्या. कव्हरवर ड्रमर पीटर क्रिसचा मांजराचा मेकअप ऐटीत, पण एक गाणं सोडलं तर अख्ख्या अल्बमवर ड्रम वाजवलेत अँटन फिगने. पुढच्या वर्षीच्या 'अनमास्क्ड'वर तर सगळंच फिगचं, कव्हरवर परत क्रिस. मी कॉलेजात असताना एका मित्राच्या गच्चीवर तासभर भांडलो होतो की बघ बघ क्रिस किती सुधारला, आधीपेक्षा किती घट्ट वाजवतोय. सुधारला कसला, माणूसच वेगळा होता. मला ते कळलं दहा वर्षांनी, आणि तो मित्र अजून लग्नकार्यात भेटला की पहिला प्रश्न तोच विचारतो.

व्हाइटस्नेकचा १९८७ चा अल्बम: रेकॉर्डवर एन्स्ली डनबार, पण व्हिडिओत केस उडवत वाजवताना दिसतो तो टॉमी ऑल्ड्रिज. म्हणजे व्हिडिओ बघून ड्रमर ओळखलात तर फसलात.

एसी/डीसीचा 'फ्लिक ऑफ द स्विच', १९८३: वाजवलंय फिल रडने, पण तो अल्बम निघेपर्यंत बाहेर पडला होता, त्यामुळे व्हिडिओत सायमन राइट.

आणि सगळ्यात वाईट प्रकार ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमचा. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन', दोन्हीवर मूळ ड्रम ली कर्सलेकचे आणि बास बॉब डेझलीचा. 'डायरी'च्या कव्हरवर मात्र नावं छापली टॉमी ऑल्ड्रिज आणि रूडी सारझोची. एवढ्यावर थांबलं नाही, २००२ साली हे दोन्ही अल्बम परत काढले तेव्हा कर्सलेक-डेझलीचे ट्रॅक पुसून माइक बोर्डिन आणि रॉबर्ट ट्रुहियोकडून नव्याने वाजवून घेतले! २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. म्हणजे तुमच्याकडे २००२ ची सीडी असेल आणि तुम्ही कर्सलेकवर मत देत असाल तर तुम्ही त्याचा एक ठोकासुद्धा ऐकलेला नाहीये.

सावधान: रीमास्टर आणि रीमिक्स यात फरक आहे. रीमास्टर म्हणजे तयार गाण्यावर रंगाचा हात. रीमिक्स म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं काढून परत मांडणं, त्यात ड्रम पुढे-मागे होतो. डीप पर्पलच्या 'मशीन हेड'चे १९९७ साली बँडचाच बासिस्ट रॉजर ग्लोव्हरने केलेले मिक्स आहेत, २०२४ साली ड्वीझिल झापाने केलेला अजून एक आहे. सगळे ऐका पण तुलनेला १९७२ चा मूळ मिक्सच घ्या, आणि वहीत कुठला घेतला ते लिहा.

## पायरी २: कान सुटा करा

अख्खा ड्रमसेट एकदम ऐकू नका. आपल्याकडे गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलं की लहान पोरालासुद्धा ढोल कुठला आणि ताशा कुठला ते कळतं, कारण एक पोटात घुमतो आणि दुसरा कानात कडकडतो. इथे पण तेच: किक पोटात, स्नेअर म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम कानात, आणि वर हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांची चिकचिक. तीनच गोष्टी धरा. टॉम म्हणजे बाकीचे ड्रम आणि क्रॅश म्हणजे मोठी झांज, ते नंतर.

सरावाला 'स्मोक ऑन द वॉटर'च घ्या. हो, तेच. घासून गुळगुळीत झालंय म्हणून नाक मुरडू नका, कारण त्याची सुरुवात जणू शिकवणीसाठीच बनवलीये. पहिल्यांदा गिटार एकटी. मग हाय-हॅट येते, नुसती, घाईघाईची. मग ऑर्गन गिटारला चिकटतो. मग बाकीचा ड्रम, आणि बास शेवटी. एकेक माणूस खोलीत येऊन बसावा तसं.

आता असं करा:

१. पहिल्यांदा फक्त हाय-हॅट ऐका, गाणं संपेपर्यंत. ओठ मिटून जिभेने चिकचिक करा, बाजूचे बघतील, बघू देत.

२. दुसऱ्यांदा फक्त स्नेअर. मांडीवर उजवा हात.

३. तिसऱ्यांदा फक्त किक. टाच जमिनीवर, पंजा आपटा. इथे बहुतेकांची गडबड होते कारण किक आणि बास एकमेकांत मिसळलेले असतात, तर बास यायच्या आधीचे सेकंद परत परत ऐका, तिथे किक एकटी सापडते.

४. चौथ्यांदा फक्त जोड, म्हणजे कडवं संपून ध्रुवपद येतं तिथे ड्रमर काय भरतो ते. यालाच फिल म्हणतात. तबलजी समेवर यायच्या आधी जे काही करतो ना, त्याचाच चुलतभाऊ.

तपासा: गाणं मध्येच पॉज करा आणि दहा सेकंद तोंडाने ठेका चालू ठेवा, मग प्ले करा. लय जुळली तर ठीक. भरकटलात तर अजून दोन दिवस हीच पायरी.

नेहमीची चूक: ड्रम सोलोपासून सुरुवात करणं. 'मोबी डिक' लावतात, 'द म्यूल' लावतात आणि पाच मिनिटांत कंटाळतात. सोलोत ड्रमर एकटा असतो, तो बाकीच्यांना कसं उचलून धरतो ते त्यात कुठून कळणार? सोलो सगळ्यात शेवटी.

## पायरी ३: गायक बदला, बाकी कोणालाही हलवू नका

दोनच अल्बम, एसी/डीसीचे. 'हायवे टू हेल' १९७९ आणि 'बॅक इन ब्लॅक' १९८०. मध्ये फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट वारला आणि ब्रायन जॉन्सन आला. ड्रमवर फिल रड तोच, गिटारवर यंग बंधू तेच, बासवर क्लिफ विल्यम्स तोच, प्रोड्युसर मट लँग तोच. एवढा स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही.

दोन्ही अल्बमची शीर्षकगीतं पाठोपाठ लावा आणि गाण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून रडचा स्नेअर ऐका. काय फरक सापडला? माझ्या कानाला तर जवळजवळ काहीच नाही, आणि तीच गंमत आहे! बँडवर आभाळ कोसळलं तरी हा माणूस चारच्या मोजणीत दोन आणि चारवर स्नेअर ठेवून बसलाय, भरतीचे फिल नाहीच्या बरोबर, आणि त्यामुळेच नवा गायक नवखा वाटत नाही. रड 'सोपा' वाजवतो असं म्हणणाऱ्याने पाच मिनिटं तेवढंच वाजवून दाखवावं, एकही जादा ठोका न घालता. तिसऱ्या मिनिटाला हात शिवशिवतात.

## पायरी ४: ड्रमर स्थिर, आजूबाजूचे सगळे बदलतात

इथे वेळ काढा, किमान दोन आठवडे. डीप पर्पल १९६८ पासून आजपर्यंत, आणि एवढ्या सगळ्या लाइनअपमध्ये असलेला एकच माणूस, ड्रमर इयान पेस. गायक बदलले, गिटारिस्ट ब्लॅकमोर गेला-आला-परत गेला, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड २००२ ला थांबला, पेस तिथेच. चाहते लाइनअपला मार्क १, मार्क २ असे नंबर देतात, तुम्ही पण वहीत तसेच टाका.

मार्क १, रॉड एव्हान्स गायक. १९६९ च्या अल्बममधलं 'चेसिंग शॅडोज' पुरे. टॉमवर चालणारा ठेका, गाण्याचा कणाच ड्रम आहे. पेस तेव्हा विशीतलाच.

मार्क २, गिलन आणि ग्लोव्हर आल्यावर. तीन गाणी. 'फायरबॉल'ला पेसने दोन किक ड्रम वापरलेत, त्याच्या बाबतीत हे अपवादानेच, म्हणून त्या गाण्यावरून त्याची ओळख करून घेऊ नका. 'पिक्चर्स ऑफ होम' ड्रमनेच सुरू होतं. आणि 'हायवे स्टार', ज्यात सगळे गिटार आणि ऑर्गनच्या सोलोमागे धावतात, तुम्ही त्या दोन सोलोंच्या खाली हाय-हॅट आणि स्नेअर काय करतात ते ऐका. पेसचं वाजवणं धावतं पण धापा टाकत नाही, कारण लहानपणापासून कानात जीन क्रुपा आणि बडी रिचसारखे जॅझवाले बसलेत, त्यामुळे ठोक्यात एक झोका आहे. सरळ रेघ नाही.

मार्क ३, गायक डेव्हिड कव्हरडेल आणि बासवर ग्लेन ह्यूज. १९७४ चं 'बर्न'. कडवं चालू असताना, म्हणजे गायक गात असताना, पेस मागे एकामागून एक फिल टाकत सुटलाय. इतर कुठल्या बँडमध्ये गायकाने ड्रमरला बाहेर काढलं असतं. आता 'हायवे स्टार'च्या कडव्याशी ताडून बघा. तोच माणूस, पण जागा वेगळी घेतलीये. त्याच अल्बममधलं 'यू फूल नो वन' पण ऐका, काऊबेलच्या टिणटिणाटावर उभं केलेलं. ह्यूजचा बास फंककडे झुकणारा, त्यामुळे किकही बदलते.

मार्क ४, गिटारवर टॉमी बोलिन, १९७५. 'गेटिन टायटर' ऐका. इथे लोक म्हणतात हा पर्पलच नाही. नसेल. पण पेसला ऐका, नाचायला लावतोय.

परत मार्क २, १९८४, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. शीर्षकगीत जड, संथ. विशीतली धावाधाव गेली, आता ठोके मोजून मापून आणि वजनदार. तीच पाच माणसं असूनही १९७२ सारखं वाजत नाही, म्हणजे 'मार्क २ म्हणजे अमुक आवाज' हे समीकरणसुद्धा कच्चंच.

स्टीव्ह मोर्स आल्यावर, १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर', त्यातलं पहिलंच गाणं. पेसचा झोका परत आलाय. नव्या गिटारिस्टने म्हाताऱ्याला उठवलं असं मला वाटतं, वाद घालायला मोकळे आहात.

सावधान: व्हिडिओ बघून शिकत असाल तर पेस डावखुरा आहे. अख्खा सेट आरशातल्यासारखा उलटा, हाय-हॅट त्याच्या उजवीकडे. हातांची नक्कल करायला गेलात तर गुंता होईल. कित्येक जण व्हिडिओच उलटा झालाय असं समजतात.

तपासा: आता वहीतला शेवटचा रकाना बघा. 'मशीन हेड', 'मेड इन जपान', 'बर्न', या सगळ्यांचं रेकॉर्डिंग मार्टिन बर्च या इंजिनिअरने केलंय. म्हणून मार्क २ ते ३ मधला ड्रमचा फरक हा बहुतांशी वाजवण्याचा फरक धरता येतो. इंजिनिअर वेगळा असता तर हे म्हणता आलं नसतं.

याची उलट बाजू पण लक्षात ठेवा. लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा तो अगडबंब ड्रम ऐकून लोक म्हणतात बॉनमचे हात काय होते. हात होतेच. पण तो सेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी, दारातल्या हॉलमध्ये ठेवलेला आणि माइक वर जिन्यात टांगलेले. तुम्ही अर्धा बॉनम ऐकताय, अर्धा जिना. बॉनमचा पाय ऐकायचा तर पहिल्या अल्बममधलं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', तिथे एकाच पेडलवर जे भरभर तिहेरी ठोके टाकलेत ते ऐकून भलेभले दोन किक शोधत बसले होते.

## पायरी ५: बाकी स्थिर, ड्रमर बदलतो

आता तुम्ही तयार. याच्या आधी इथे आला असाल तर मागे जा.

पहिली जोडी ब्लॅक सबाथची. 'हेवन अँड हेल', १९८०, ड्रमवर बिल वॉर्ड. 'मॉब रूल्स', १९८१, ड्रमवर विनी अपिसी. गायक दोन्हीवर डिओ, गिटार आयोमी, बास गीझर बटलर, आणि प्रोड्युसर दोन्हीवर, बघा परत कोण, मार्टिन बर्च. वॉर्ड १९८० च्या ऑगस्टमध्ये दौऱ्याच्या मधूनच निघून गेला आणि अपिसी आला, म्हणजे बदल फक्त एकच.

ऐकायचं असं:

१. आधी वॉर्डची खूण पटवा. १९७० चं 'वॉर पिग्ज' लावा, कडव्यात गिटारचे दोन ठोसे आणि मग नुसती हाय-हॅट आणि गायक. त्या रिकाम्या जागेत वॉर्ड कसा तोल सांभाळतो ते ऐका. तो जरा मागे रेलून वाजवतो, जॅझवाल्यासारखा.

२. मग 'हेवन अँड हेल' हे गाणं स्टुडिओतलं, वॉर्डचं.

३. लगेच तेच गाणं १९८२ च्या 'लाइव्ह इव्हिल'वरचं, अपिसीचं.

४. मग 'मॉब रूल्स'चं शीर्षकगीत, जे अपिसीचं स्वतःचं.

अपिसी सरळ, मोठा, जोरकस. वॉर्ड गोलाईत. माझी पसंती वॉर्डला आहे पण 'मॉब रूल्स' त्याने वाजवला असता तर तो इतका अंगावर आला नसता, हेही लिहून ठेवलंय मी.

नेहमीची चूक: नव्या ड्रमरला फक्त जुन्या गाण्यांवर तोलणं. ही तर सुनेला सासूच्या पुरणपोळीवर मार्क देण्यातली गत. त्याची स्वतःची गाणी आधी, मग जुनी.

दुसरी जोडी मला सगळ्यात आवडती, कारण ती तिरकी जाते. एसी/डीसीचं 'थंडरस्ट्रक' १९९० चं, वाजवलंय क्रिस स्लेडने. 'बॅक इन ब्लॅक' फिल रडचं. आता १९९२ चा लाइव्ह अल्बम घ्या, त्यावर स्लेड रडचं गाणं वाजवतो. आणि 'लाइव्ह ॲट रिव्हर प्लेट' घ्या, २००९ च्या डिसेंबरात ब्युनोस आयर्सला रेकॉर्ड झालेला, त्यावर रड स्लेडचं गाणं वाजवतो. दोन गाणी, दोन ड्रमर, चार रेकॉर्डिंग. एका कागदावर चौकोन पाडा आणि चारही घरं भरा:

- स्नेअर अगदी वेळेवर पडतो की केसभर उशिरा?
- ध्रुवपदात जाताना फिल आहे की नुसता क्रॅश?
- हाय-हॅट घट्ट मिटलेली की जरा उघडी, सळसळणारी?
- लय किती? मोबाइलच्या घड्याळावर १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा.

लाइव्ह रेकॉर्डिंग स्टुडिओपेक्षा वेगाने जातं बऱ्याचदा, तेव्हा वेगाचं पाप एकट्या ड्रमरच्या माथी मारू नका, समोर हजारो लोक ओरडत असले की सगळेच पळतात.

## पायरी ६: ड्रमर घर बदलतो

ही पायरी छोटी. आता बँड सोडा आणि माणसाच्या मागे जा. पेस पर्पल बंद पडल्यावर व्हाइटस्नेकमध्ये गेला, 'रेडी ॲन विलिंग' १९८० पासून 'सेंट्स अँड सिनर्स' १९८२ पर्यंत. त्याच्यानंतर तिथे आला कोझी पॉवेल, 'स्लाइड इट इन' १९८४. पॉवेलला आधी त्याच्या मूळ जागी ऐकून घ्या, म्हणजे रेनबोच्या १९७६ च्या 'रायझिंग'वर, 'स्टारगेझर'ची सुरुवात त्याच्याच दणदणीत फिलने होते. मग व्हाइटस्नेकमध्ये पेस आणि पॉवेल पाठोपाठ.

पेसच्या व्हाइटस्नेकमध्ये ब्लूजचा झुलता चेंडू आहे. पॉवेल आला की हातोडा. गायक कव्हरडेल दोन्हीकडे तोच.

सावधान: 'स्लाइड इट इन'चे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन मिक्स आहेत, अमेरिकनमध्ये गिटार-बास बऱ्याच ठिकाणी बदललेत. ड्रम दोन्हीकडे पॉवेलचाच पण आजूबाजूची गर्दी वेगळी, तेव्हा वहीत कुठला ते टाका.

## पायरी ७: आता लाइव्ह, आणि आता सोलो

'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२, ओसाकाचे दोन शो आणि टोकियोचा एक, त्यातून निवडलेला अल्बम. १९९३ ला तिन्ही रात्रींचं तीन सीडींचं 'लाइव्ह इन जपान' आलं, ते मिळालं तर सोनं. एकच गाणं तिन्ही रात्रींचं ऐका. माणूस तोच, सेट तोच, आठवडाही तोच, तरी फिल वेगळे. म्हणजे लाइनअप न बदलता पण ड्रमिंग बदलतं, आणि आपण दोन रेकॉर्डिंगमधला प्रत्येक फरक लाइनअपच्या खात्यात टाकत होतो!

'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांच्या आसपास, 'मेड इन जपान'वर जवळपास वीस. त्यात लॉर्ड कुठेतरी निघून जातो, ब्लॅकमोर कुठेतरी, आणि पेस दोघांची दोरी धरून बसलेला. हे ऐकून झालं की मग 'द म्यूल'चा सोलो. आता कंटाळा येणार नाही, कारण त्या हातांची सवय झालीये.

आपल्याकडचा एक पुरावा पण आहे. ८ एप्रिल १९९५ चा पर्पलचा मुंबईचा शो 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालेला आहे. मोर्स तेव्हा नवाकोरा, 'पर्पेंडिक्युलर' यायला अजून वर्ष होतं. जुनी गाणी, नवा गिटारिस्ट, आणि मागे पेस त्याला जागा करून देतोय, हे बघायला याहून चांगली संधी नाही. नाव पण फार गमतीचं: 'चाइल्ड इन टाइम'चा सुरुवातीचा ऑर्गन ज्या गाण्यावरून सुचला, इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडचं, त्या गाण्याचं नावसुद्धा 'बॉम्बे कॉलिंग'.

## पायरी ८: डोळे झाकून परीक्षा

घरातल्या कोणाला तरी पटवा. वर सांगितलेल्या रेकॉर्डिंगपैकी दहा, चिठ्ठीवर लिहून द्या, क्रम त्यांनी ठरवायचा. प्रत्येकाचे ३० सेकंद, आणि मधूनच लावायचे, सुरुवात नको कारण सुरुवातीवरून गाणं ओळखलं जातं आणि गाण्यावरून नाव पाठ असतं. तुम्ही फक्त ड्रमरचं नाव आणि एक कारण लिहायचं. कारण नसेल तर मार्क नाही, नाव बरोबर असलं तरी.

गाणं ओळखीचं निघालं तर ते बाद करून दुसरं लावायला सांगा. एकाच गाण्याची दोन ड्रमरची रेकॉर्डिंग असतील तर ती मात्र ठेवा, खरी परीक्षा तीच.

माझी परीक्षा मुलीने घेतली, ती स्वतः यातलं काही ऐकत नाही त्यामुळे तिने अजिबात दया दाखवली नाही. दहात सहा आले. अपिसी दोन्ही वेळा बरोबर, पेसच्या तीनपैकी दोन. 'थंडरस्ट्रक'ला मी छातीठोकपणे स्लेड लिहिलं, कारण म्हणून 'हे त्याचंच गाणं' असं लिहिलं, आणि तो होता रिव्हर प्लेटचा रड.